शेऱ्याचा रकाना

"ही नोंद संशयास्पद आहे. खात्री आहे का?"

पडद्यावर पिवळी चौकट उगवली आणि आकडेबाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

"नाही रे बाबा, खात्री नाही," त्या चौकटीला म्हणाल्या. "नव्वद वर्षांपूर्वी त्या खिंडीत कोण किती गारठलं ते बघायला मी गेले होते का? वहीत आहे चार पूर्णांक दोन, मी मारलंय चार पूर्णांक दोन. तुझं काय जातंय?"

चौकटीला कान नव्हते. तिला फक्त 'होय' हवं होतं. बाईंनी 'होय' दाबलं, पुढचा आकडा मारला, आणि चौकट पुन्हा हजर. या चौकटीबद्दल त्यांनी वरिष्ठांना दोनदा अर्ज दिला होता. पहिल्याचं उत्तर आलं नाही. दुसऱ्याचं आलं, त्यात अर्ज विहित नमुन्यात नसल्याचं कळवलं होतं.

वेधशाळेच्या तळघरात त्यांचं टेबल होतं. छताला लागून एक आडवी खिडकी, आणि तिच्यातून रस्त्याची फक्त तळाची वीतभर पट्टी दिसायची. माणसं दिसत नसत, त्यांचे जोडे दिसत. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा बाईंना जोड्यांवरून कळायचा. आयुष्यभर हवामानाच्या खात्यात काम करून बाहेरची हवा अशी घोट्यापर्यंतच बघायची, हे त्यांना फार विनोदी वाटायचं. कुणाला सांगावं तर कुणी हसायचं नाही, म्हणून त्या सांगत नसत.

त्यांचं खरं आडनाव पगारपत्रकावर होतं. तिथून बाहेर ते फारसं कधी पडलं नाही. एकोणिसाव्या वर्षी त्या टंकलेखन शिकल्या, तेव्हा वर्गातल्या सगळ्या मुली आकड्यांच्या ओळीला घाबरायच्या. ही एकच मुलगी ती ओळ न बघता मारायची. बाईंचं म्हणणं असं की अक्षरांना अर्थ असतो, त्यामुळे चूक झाली तर वाचणाऱ्याला कळते. आकड्याला कुणी वाली नसतो. चुकीचा आकडा अगदी बरोबर आकड्यासारखाच दिसतो. तेव्हा मारणाऱ्यानेच काय ती लाज राखायची. सदतीस वर्षं त्यांनी ती राखली. त्यांच्या हजार आकड्यांत एकसुद्धा चूक सापडत नसे. आणि त्यांची उंची चार फूट आठ इंच होती, हेही इथेच सांगितलेलं बरं, कारण कार्यालयात ते कुणीच विसरू देत नसे.

चार वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावर एक तरुण शास्त्रज्ञ मुलगी आली. नावाआधी डॉक्टर होतं, म्हणून शिपाईमामांनी पहिल्याच दिवशी तिला गुडघेदुखीवर औषध विचारलं, तेव्हापासून ती डॉक्टरीण. तिने तळघरातल्या चारशे ठाण्यांच्या जुन्या नोंदवह्या बाईंच्या पुढ्यात मांडल्या. कुठे रस्त्याच्या नाक्यावर, कुठे धरणावर, कुठे बंदरात, माणसं दीडशे वर्षं रोज तापमान लिहीत आली होती. हे सगळं संगणकात भरायचं. मग तिचा प्रोग्राम कोट्यवधी आकडे एकमेकांना लावून बघणार आणि या मुलखाची हवा शंभर-सव्वाशे वर्षांत कशी बदलली ते सांगणार.

"पण जुन्या लोकांच्या चुका असतील की," बाई म्हणाल्या होत्या.

"म्हणूनच तर, ताई. एक ठाणं खोटं बोलतंय का, ते प्रोग्राम आजूबाजूच्या ठाण्यांना विचारतो. शेजाऱ्यांना विचारावं तसं."

"शेजाऱ्यांना विचारून खरं कळतं? तू इमारतीत कधी राहिलीस का गं?"

कामाचे नियम छापून भिंतीला लावले होते. त्यातला पाचवा नियम, शेऱ्याचा रकाना टाइप करू नये. प्रोग्रामला शब्द नको होते. बाईंनी नियम एक पाऊल पुढे नेला. शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यांनी रकान्याच्या मापाची पट्टी केली आणि प्रत्येक पानावर शेवटच्या रकान्यावर ती ठेवायला सुरुवात केली. नजर भरकटायला नको. एकशे सतरा ठाणी त्या पट्टीखालून गेली. पट्टीचे कोपरे झिजून गोल झाले.

सध्या पेटी क्रमांक एकशे अठरा चालू होती. उंचावरच्या एका खिंडीतलं ठाणं. तिथे रस्त्याच्या फाटकावर एक राखणदार असायचा, आणि फाटकाबरोबर हवामानाची पेटीही त्याच्याच गळ्यात. चार पायांवर उभी केलेली पांढरी, झडपांची लाकडी पेटी, आत तापमापक. सकाळी आठला आणि दुपारी दोनला बघायचं आणि लिहायचं. एकतीस वर्षं. साडेबावीस हजारांहून जास्त वेळा, आणि एकही दिवस कोरा नाही.

बाई त्याला खिंडीतला बुवा म्हणत, आणि पाच महिने रोज त्याच्या नावाने बोटं मोडत. पहिली नऊ वर्षं त्याचा सात एकसारखा दिसायचा. मग एके दिवशी त्याला काय अवदसा आठवली कोण जाणे, तो सातच्या कमरेला पट्टा बांधू लागला. आडवी रेघ. ती रेघ इतकी लांब की शेजारच्या आकड्याला टोचायची. "अहो बुवा, एक काय ते ठरवा," बाई वहीला म्हणायच्या. "डोळे फुटायची वेळ आली माझी."

मंगळवारी डॉक्टरीण खाली आली ती हातात कागद घेऊन. एकशे अठराव्या ठाण्याचा आलेख होता.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका. हे ठाणं वगळावं लागेल बहुतेक."

बाईंचा हात कळांवरच थांबला. "वगळायचं म्हणजे? शेवटची वही चालू आहे माझी."

"हे बघा. इथे, दहाव्या वर्षाच्या सुरुवातीला, एका दिवसात सगळे आकडे चार दशांशांनी खाली बसलेत. सहा वर्षं खालीच. आणि मग पुन्हा एका दिवसात वर."

"चार दशांश! अगं, माझा ताप दोनदा मोजला तर एवढा फरक येतो."

"पण आपण शोधतोय काय? शंभर वर्षांत एक-सव्वा अंश वाढला का, ते. त्यात चार दशांश म्हणजे पोळीला तव्याएवढं भोक."

"मग भोक बुजव. तुझं मशीन दुसऱ्यांचं बुजवतंच की."

"ज्यांना शेजारी आहेत त्यांचं. एवढ्या उंचीवर हे एकटंच ठाणं आहे. बाकीचे सगळे खाली सपाटीवर. त्यामुळे ही चूक आहे की खिंडीत खरंच सहा वर्षं गारठा होता, हे मशीनला ठरवता येत नाही. काय बदललं याचा लेखी पुरावा असला तर दुरुस्त करता येतं. नसला तर नियम आहे, संशयास्पद ठाणं बाहेर. शुक्रवारी चार वाजता यादी बंद होते."

"आणि वह्या?"

डॉक्टरीण खिडकीतल्या जोड्यांकडे बघू लागली. "यादीतल्या ठाण्यांच्या वह्यांचे फोटो काढून जपणार आहेत. बाकीच्या महिनाअखेरीला लगद्याच्या गिरणीत. तळघर रिकामं करायचंय ना. नवीन मशीनं येणार आहेत."

"म्हणजे या वह्या वाचायला जी मशीनं आणली, त्यांना बसायला जागा हवी म्हणून वह्या काढायच्या."

"ताई, मलाही चीड येते. पण माझ्या चिडीला त्या फॉर्मात रकाना नाही."

त्या संध्याकाळी बाईंनी घरी येऊन चपला अशा काढल्या की एक पलंगाखाली गेली.

"अहो, चहाचा डबा काढा," त्यांनी स्वयंपाकघरातून हाक मारली.

त्यांचे यजमान सहा फुटी. निवृत्त झाल्यापासून भांडी तेच लावत आणि प्रत्येक डबा सवयीने वरच्या फळीवर ठेवत. तीन वर्षं बाई रोज सांगत होत्या, तीन वर्षं ते रोज "अरेच्चा" म्हणत होते. आजही म्हणाले, आणि डबा काढून दिला.

"माझ्या हाताला लागेल असं या घरात काहीतरी ठेवा हो कधीतरी."

"आज आकड्यांचं काही बिनसलं वाटतं."

बाईंनी सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत राहिले, मग म्हणाले, "जाऊ दे ना. मेलेला माणूस, मेलेली थंडी. तुला काय फरक पडतो? तूच तर पाच महिने त्याला शिव्या घालतेयस."

"माझ्या शिव्या मी घालीन. म्हणून मशीनने त्याला खोटारडा म्हणायचं? ज्याने एकतीस वर्षांत एक दिवस चुकवला नाही त्याला? तुम्ही सलग एकतीस दिवस डबा खाली ठेवून दाखवा, मग बोला."

यजमानांनी चहाचं आधण ठेवलं.

बुधवारी सकाळी बाई जिना चढून स्वतः वर गेल्या. गुडघ्यांमुळे हे क्वचित घडत असे. डॉक्टरीण उठून उभी राहिली.

"हात बदललाय," बाई धापा टाकत म्हणाल्या. "दहाव्या वर्षी. पहिल्या नऊ वर्षांचं अक्षर निराळं, पुढच्या बावीस वर्षांचं निराळं. सही तीच काढलीय, पण ती पण नक्कल केल्यासारखी. मला तीन महिने दिसतंय, मला वाटलं बुवाला लहर आली. बुवाच बदलला असणार. म्हणून आकडे खाली बसले."

डॉक्टरिणीने तारखा पडताळल्या. आकडे खाली बसले तो दिवस आणि सातच्या कमरेला पट्टा आला तो दिवस, दोन्ही एकच. ती खुर्चीत पुढे सरकली, आणि मग पुन्हा मागे टेकली.

"पण सहा वर्षांनी आकडे वर आले तेव्हा?"

"तेव्हा काय?"

"तेव्हा हात बदलला का?"

पट्ट्याचे सात शेवटच्या वहीपर्यंत होते. काल दुपारीच त्यांनी ते मारले होते.

"मग नवा माणूस सहा वर्षं चुकीचं वाचतो आणि एका सकाळी उठून बरोबर वाचायला लागतो, असं कसं होईल? समिती हेच विचारणार, ताई."

जिना उतरताना बाईंना स्वतःचाच राग आला, मग डॉक्टरिणीचा, मग समितीचा. तळाच्या पायरीवर शिपाईमामा उभे होते, तेव्हा उरलेला त्यांच्या वाट्याला गेला.

शिपाईमामांशी त्यांचं भांडण तसं रोजचंच होतं. जुने कागद जपायचे म्हणून तळघराचं तापमान रोज दाराच्या तक्त्यावर लिहावं लागे, आणि खाली दोघांच्या सह्या. त्यासाठी मामांनी एका बंद पडलेल्या ठाण्याचा जुना तापमापक खांबाला ठोकला होता. जाड काचेची नळी, काचेवरच कोरलेल्या रेघा. मामा उंटासारखे उंच, त्यांनी तो स्वतःच्या नाकासमोर ठोकला. ते वाचत साडेचोवीस. बाई वाचत चोवीस. रोज. कुणीही मागे हटायचं नाही, आणि सह्या तर हव्यात, म्हणून शेवटी दोघे सव्वाचोवीस लिहीत. म्हणजे दोघांपैकी एकालाही जे दिसत नव्हतं, ते.

गुरुवारी सकाळी मामांनी दिवा बदलायला स्टूल आणलं होतं आणि ते खांबापाशीच राहिलं होतं. एकशे अठराव्या पेटीतली दहाव्या वर्षाची वही खांबाशेजारच्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात होती. बाई पदर खोचून स्टुलावर चढल्या.

"साडेचोवीस," मामा दारातून तक्ता घेऊन म्हणाले.

"चोवीस," बाई सवयीने म्हणाल्या, आणि बोलता बोलता त्यांची नजर खांबाकडे गेली. तापमापक आता त्यांच्या नाकासमोर होता. पारा साडेचोवीसवर होता.

त्या खाली उतरल्या. मान वर करून बघितलं. चोवीस. पुन्हा चढल्या. साडेचोवीस. उतरल्या. चोवीस.

"ताई, व्यायाम चाललाय का?"

"मामा, गप्प बसा जरा."

काच जाड. रेघा तिच्या पुढच्या अंगावर आणि पारा आत. खालून मान वर करून बघितलं की पारा आहे त्याच्या खालच्या रेघेवर बसलेला दिसायचा. एवढंच. रोज, तेवढाच, कुठल्याही चलाखीशिवाय.

बाई स्टुलाच्या पायरीवर बसल्या. "मामा, खिंडीतला दुसरा माणूस बुटका होता."

"कोण माणूस?"

त्यांनी सांगितलं. मामांनी तक्ता काखेत मारून विचार केला. "मग पोरगं असेल एखादं. सहा वर्षांत वाढलं उंचीने."

"एका दिवसात वाढलं? पोर आहे की दोडका? हळूहळू वाढलं असतं तर आकडे हळूहळू वर आले असते. हे एका सकाळी आलेत." त्या बोलता बोलता थांबल्या. बसल्या जागी त्यांनी स्टुलाकडे बघितलं. "पायाखाली काहीतरी आलं."

टेबलावर त्यांनी दहाव्या वर्षाची वही उघडली. ते पान त्यांनी तीन महिन्यांपूर्वी टाइप केलं होतं. हाताने सवयीने पुठ्ठ्याची पट्टी उचलून शेवटच्या रकान्यावर ठेवली. ती तिथे ठेवलेली बघून त्यांचा हात तसाच राहिला. मग त्यांनी पट्टी काढली.

पट्ट्याच्या पहिल्या सातसमोर, शेऱ्याच्या रकान्यात, बारीक अक्षरात लिहिलं होतं: यांना आज उठवत नाही. नोंद मी केली.

दुसऱ्या दिवशी: यांना ताप आहे. नोंद मी केली.

अकरा दिवस तसंच. बाराव्या दिवसापासून 'नोंद मी केली' गेलं. रोज रोज काय लिहायचं, असं वाटलं असेल. सही मात्र त्याची, या दुसऱ्या हातची.

"यांना," बाई मोठ्याने म्हणाल्या.

"काय झालं?" मामा म्हणाले.

"बुवा नाही हो. बायको आहे." आणि मग एकदम चिडून, "तीन महिने मी तिला अहो बुवा, अहो बुवा करतेय! आणि ती आपली या रकान्यात बसून सांगतेय, मी आहे म्हणून. कुणी वाचायला तयार नाही. कसं वाचणार? पट्टी कुणी केली? मीच केली. अगदी मापात."

त्या दिवशी आकडेबाईंनी एकही आकडा मारला नाही. सदतीस वर्षांत असा दिवस पहिलाच. त्या फक्त शेवटचा रकाना वाचत राहिल्या. वाऱ्याने पेटीचं दार राहीना, दोरीने बांधलं. पेटीखाली शेळी व्यायली. यांना आता हात धरून ओट्यावर बसवते. दोन दिवस धुकं, पेटीपर्यंत भिंतीला धरून गेले. आणि तेराव्या वर्षी एका दुपारी: मुलगी झाली. दोनची नोंद चारला केली.

ती दुपार बाईंना आठवली. म्हणजे स्वतःची. दोनच्या मानाने आकडा फार खाली आहे म्हणून पिवळी चौकट उगवली होती, आणि बाईंनी "झोपला होतात का बुवा?" असं म्हणून 'होय' दाबलं होतं.

त्यांनी चष्मा पुसला. खिडकीतून दोन लाल जोडे घाईघाईने गेले.

हवी ती नोंद सोळाव्या वर्षाच्या वहीत सापडली. तांबड्या शाईत, तिसऱ्याच माणसाच्या वळणदार अक्षरात, तपासनीसाचा शेरा होता: पेटी नोंद घेणाऱ्याच्या डोळ्यांहून बरीच उंच. पायरी बसवावी. नोंद घेणारी कोण, हे त्याने बघितलं असणारच. लिहिलं नव्हतं. बहुधा मुद्दामच, नवऱ्याची नोकरी जाऊ नये म्हणून. आणि त्याच्यानंतर नवव्या दिवशी, पट्ट्याच्या सातशेजारी: पायरी आली. आता मान वर करावी लागत नाही.

बाईंनी डॉक्टरिणीचा आलेख उलगडून तारीख बघितली. रेघ ज्या सकाळी वर उडाली होती, ती हीच सकाळ.

"मामा," त्या म्हणाल्या, "डॉक्टरिणीला खाली बोलवा. मी या आठवड्यात दुसऱ्यांदा जिना चढणार नाही, आकाश कोसळलं तरी."

डॉक्टरीण आली, वाचलं, पुन्हा वाचलं, आणि बाईंच्या टेबलावरच बसली. मग बाईंनी तिला स्टुलावर चढवलं आणि उतरवलं, आणि ती मुळात उंच असल्यामुळे तिला खाली उतरून गुडघ्यांवरही बसवलं. तेव्हा तिला चोवीस दिसलं.

"बाई गं," ती जमिनीवरूनच म्हणाली.

सगळं झालं असं वाटलं, पण शुक्रवारी दुपारी फॉर्म उघडला. बदलाचं कारण, यादीतून निवडा: यंत्र बदललं, जागा बदलली, वेळ बदलली, नोंदकर्ता बदलला. बाईंनी शेवटचं निवडलं. लगेच खाली नवा रकाना उगवला. नवीन नोंदकर्त्याचं नाव. शेजारी तांबडा तारा, म्हणजे कोरं सोडता येणार नाही.

"नाव काय तिचं?" डॉक्टरिणीने विचारलं.

"मला काय माहीत? एकतीस वर्षांच्या वह्या काल पालथ्या घातल्या. नवऱ्याचं नाव पानोपानी, शेळीचं नाव दोनदा, मुलीचं नाव एकदा. स्वतःचं कुठे लिहील ती? कुणी विचारलं होतं?"

पावणेचार झाले होते. बाईंनी रकान्यात एक रेघ मारून बघितली. मशीनने नाकारली. टिंब मारलं. नाकारलं.

"ताई, अज्ञात लिहा. सगळे तेच लिहितात."

"अज्ञात?" बाई खुर्चीसकट वळल्या. "बावीस वर्षं सकाळी आठला आणि दुपारी दोनला जी त्या पेटीपाशी उभी राहिली ती अज्ञात? बाळंतपणाच्या दिवशी सुद्धा दोन तासच उशीर केला तिने. तुमची समिती चहा प्यायला जाते तर दोन तासांनी येते. अज्ञात म्हणे!"

"मग काय लिहायचं? दहा मिनिटं राहिलीत हो."

"नवऱ्याचं नाव घालायचं नाही. एवढं नक्की."

"नाही घालत. पण काहीतरी घाला!"

मामा दारात तक्ता घेऊन उभे होते. "ताई, तुम्हाला तरी कुठे कोण नावाने ओळखतं," ते म्हणाले. "आकडेबाई म्हटलं की कळतंच ना सगळ्यांना."

बाईंनी त्यांच्याकडे रागाने बघितलं. राग पुरता येईना. मग त्या पडद्याकडे वळल्या आणि न बघता, एका दमात, टाइप केलं: खिंडीतल्या बाई.

पिवळी चौकट उगवली.

"ही नोंद संशयास्पद आहे. खात्री आहे का?"

यावेळी आकडेबाई चौकटीशी बोलल्या नाहीत. त्यांनी 'होय' दाबलं.

सोमवारी यादी लागली. एकशे अठरा यादीत होतं, नावापुढे 'दुरुस्त' असा शिक्का. सहा वर्षांचे आकडे मशीनने चार दशांशांनी उचलले होते.

"उचललेत ते ठीक," बाई डॉक्टरिणीला म्हणाल्या. "पण तिने लिहिलेले पण ठेव. तिला दिसलं ते तिने लिहिलं. जिथे उभी होती तिथून तेच दिसत होतं."

"दोन्ही ठेवलेत, ताई. वह्यांचेही फोटो निघतील, शेऱ्यासकट." डॉक्टरीण जरा घुटमळली. "आणि एक विचारायचं होतं. बाकीची एकशे सतरा ठाणी आपण भरली ना, पट्टी ठेवून..."

"नाव काढू नकोस."

"नाही, मी फक्त..."

"माझी निवृत्ती आठ महिन्यांवर आलीय. एकशे सतरा पेट्या! माझे डोळे म्हणजे काय सार्वजनिक नळ आहेत? तू आधी वर जा बघू."

डॉक्टरीण वर गेली. बाईंच्या टेबलाखाली पेटी क्रमांक एक सकाळपासूनच येऊन पडली होती, हे तिला दिसलं नाही. पुठ्ठ्याची पट्टी केराच्या टोपलीत होती.

"तक्ता भरायचाय," मामा आले.

बाई उठल्या. खांबाशी स्टूल अजून तिथेच होतं. कुणी हलवलं नव्हतं की हलवू दिलं नव्हतं, कोण जाणे. त्या चढल्या आणि पाऱ्याकडे समोरून बघितलं.

"किती?" मामांनी विचारलं.

"साडेचोवीस."

"मी काय म्हणत होतो वर्षभर?"

"आजचं तुमचं चुकून बरोबर आलंय. लिहा," बाई म्हणाल्या. "आणि खाली शेऱ्यात लिहा, स्टूल आलं."

"तक्त्यावर शेऱ्याचा रकाना नाही, ताई."

आकडेबाईंनी स्टुलावरूनच त्यांच्या हातातला तक्ता ओढून घेतला, त्यांच्या खिशातली मोजपट्टी मागितली, आणि पानाच्या उजव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक सरळ रेघ मारली.